‘विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्याला काय विचारायचं?

वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

या वेळच्या टपालात एकाच विषयाची गर्दी आहे. मोठ्या पदावरच्या माणसांच्या भ्रष्टाचाराची चौकशी बंद दाराआड चालते, महिनोन् महिने काही कळत नाही, तेव्हा बाहेरच्यांनी काय करायचं? माझी सगळी नोकरी कोर्टाच्या बातम्या लिहिण्यात गेली, म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. सगळी पत्रं घेता आली नाहीत. ज्यांनी नुसत्याच शिव्या लिहून पाठवल्या आहेत (दोन्ही पक्षांच्या समर्थकांनी, अगदी समसमान), त्यांना पोच इथेच देते.

प्रश्न : ताई, एका बड्या नेत्याच्या भ्रष्टाचाराची चौकशी दीड वर्षापासून सुरू आहे. कुणाला बोलावलं, काय सापडलं, काहीच सांगत नाहीत. विचारलं की एकच उत्तर : ‘तपास योग्य दिशेने सुरू आहे, यंत्रणेवर विश्वास ठेवा.’ किती धीर धरायचा? आणि धीर सुटला तर आमचा लोकशाहीवरच विश्वास नाही, असं का ऐकून घ्यायचं?

‘तपास योग्य दिशेने सुरू आहे’ हे वाक्य मी वहीत इतक्यांदा उतरवून घेतलं आहे, की पुढे पुढे साहेबांनी तोंड उघडायच्या आत माझा हात ते लिहून मोकळा व्हायचा. त्यातून काही कळू नये म्हणूनच ते बोललं जातं. पण म्हणून बोलणारा लबाडच आहे, असं धरून चालू नका.

तपास झाकून ठेवायला कारण असतं. अशा प्रकरणांत कामाची माहिती नेत्याकडून मिळत नाही. ती मिळते हिशेब लिहिणाऱ्याकडून, गाडी चालवणाऱ्याकडून, सहीसाठी फाइल घेऊन जाणाऱ्या कारकुनाकडून. यांची रोजीरोटी बहुधा त्याच नेत्याच्या मर्जीवर असते. दुपारी दिलेला जबाब संध्याकाळी टीव्हीवर आला, की रात्री दारात चार माणसं उभी राहतात. खटला उभा राहीपर्यंत तो साक्षीदार फितूर झालेला असतो. असे साक्षीदार मी पाहिले आहेत. ‘माझी कोऱ्या कागदावर सही घेतली’ असं सांगताना ते सरकारी वकिलांच्या डोळ्यांत बघत नाहीत. शिवाय ज्याच्याविरुद्ध शेवटी काहीच निघणार नाही, अशा माणसाचं नावही या काळात कागदांवर फिरत असतं. त्याचाही विचार करायला हवा. तेव्हा दीड वर्ष गप्प राहिले एवढ्यावरून मी कुणाला नावं ठेवणार नाही. पैसा परदेशी बँकांतून फिरला असेल, तर एकेका पत्राच्या उत्तरालाच महिने लागतात.

वॉटरगेटचं प्रकरण कसं घडत गेलं, ते पाहण्यासारखं आहे. 17 जून 1972 च्या पहाटे वॉशिंग्टनमध्ये विरोधी पक्षाच्या कार्यालयात शिरलेली पाच माणसं पकडली गेली. नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन 50 पैकी 49 राज्यांत निवडून आले. बहुतेकांच्या लेखी ती एक घरफोडी होती. आत ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, साक्षी चालल्या होत्या, त्या गुप्त. पण अधूनमधून दार उघडत होतं. जानेवारी 1973 मध्ये घरफोड्यांचा खटला खुल्या कोर्टात चालला. मार्चमध्ये न्यायाधीश सिरिका यांनी मॅकॉर्ड या आरोपीचं पत्र भर कोर्टात वाचून दाखवलं. गप्प बसण्यासाठी दबाव आला आणि खटल्यात खोट्या साक्षी झाल्या, असं त्यात लिहिलं होतं. मे महिन्यात सिनेट समितीची सुनावणी टीव्हीवर दिसू लागली. जुलैत तिथेच कळलं, की राष्ट्राध्यक्षांच्या दालनातलं बोलणं टेपवर नोंदलं जातं.

मग आला 20 ऑक्टोबर 1973. त्या टेप मागणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढून टाका, असा निक्सन यांनी हुकूम सोडला. अॅटर्नी जनरल रिचर्डसन यांनी तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांच्या हाताखालचे रकल्सहाउस यांनीही नकार देऊन पद सोडलं. तिसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याने कॉक्स यांना काढलं. हे सगळं एका शनिवारच्या रात्रीत घडलं, आणि पुढच्या काही दिवसांत वॉशिंग्टनवर लोकांच्या टेलिग्रामांचा अक्षरशः पाऊस पडला. सोळा महिने तपास रेंगाळला, तेव्हा लोकांनी असं काही केलं नव्हतं. तपास करणाऱ्यालाच हाकललं, त्या रात्री त्यांचा धीर सुटला. माझ्या मते तो अगदी वेळेवर सुटला.

आणि सगळं उघड झालं असंही नाही. ग्रँड ज्युरीने निक्सन यांच्याविषयीचा एक दस्तऐवज संसदेच्या समितीकडे मोहोरबंद पाठवला होता. तो बहुतांशी खुला झाला 2018 मध्ये, म्हणजे 44 वर्षांनी. त्यात ना भाषण, ना निष्कर्ष. एकेक घटना आणि तिच्यापुढे तिचा पुरावा, इतकंच. लोकांनी तो कधी पाहिला नव्हता, तरी ऑगस्ट 1974 मध्ये निक्सन गेले. कारण टेप द्यायलाच हव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलैत एकमताने दिला होता, आणि तो आदेश साऱ्यांसमोर होता.

तेव्हा धीर आणि विश्वास यांची गल्लत करू नका. तपास अधिकाऱ्याला वेळ द्यायला माझी हरकत नाही. विश्वास मात्र प्रवक्त्याने मागितला म्हणून देऊन टाकायची वस्तू नव्हे. आधी विचारा : या अधिकाऱ्याची बदली कुणाच्या सहीने होते? पुढचा कागद कुठल्या कोर्टात दाखल व्हायचा आहे? आणि मुख्य म्हणजे, ही गुप्तता नक्की कुणापासून आहे?

हा शेवटचा प्रश्न फार लोक विचारत नाहीत. कोळसा खाणींच्या वाटपाचा तपास आठवा. मार्च 2013 मध्ये सीबीआयने सर्वोच्च न्यायालयाला सीलबंद लिफाफ्यात अहवाल दिला. आपल्याला त्यातलं अक्षर दिसण्याची सोय नव्हती. एप्रिलमध्ये सीबीआयच्या संचालकांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, की लिफाफा बंद होण्याआधी तो मसुदा कायदामंत्र्यांनी पाहिला होता, पंतप्रधान कार्यालयातल्या आणि कोळसा मंत्रालयातल्या अधिकाऱ्यानेही पाहिला होता. ज्या सरकारच्या कारभाराचा तपास, त्याच सरकारने वाचलेला अहवाल आपल्यासाठी मात्र गोपनीय! मे महिन्यात न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं, ते याच सुनावणीत. कायदामंत्र्यांना त्याच आठवड्यात जावं लागलं. ज्याची चौकशी चालली आहे त्याला सगळं ठाऊक आणि फक्त जनता अंधारात, याला मी तपासाची गुप्तता म्हणत नाही.

लोकशाहीवर विश्वास नाही, असं तुम्हाला कुणी सुनावलं तर हे तीन प्रश्न त्याच्यापुढे ठेवा आणि तो कशाचं उत्तर देतो ते बघा.

प्रश्न : ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ अशा बातम्या रोज येतात. किती खऱ्या मानायच्या?

बातमी खरी की खोटी, हे ठरवायला तुमच्याकडे साधन नसतं. ती बाहेर आल्याने कुणाचं भलं झालं, हे मात्र घरबसल्या कळतं. लोक समजतात, की बातमी तपास यंत्रणेतून फुटते. माझा अनुभव असा, की पुष्कळदा ती आरोपीच्या वकिलाकडून येते, किंवा ज्याला माफीचा साक्षीदार व्हायचं आहे आणि भाव वाढवून हवा आहे त्याच्याकडून. बाकीची येते त्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्याकडून, आणि ती सर्वांत तपशीलवार असते.

अमेरिकेत 2016 च्या निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाचा आणि ट्रम्प यांच्या प्रचाराशी त्याच्या संबंधाचा तपास रॉबर्ट म्युलर यांनी मे 2017 ते मार्च 2019 असा जवळजवळ दोन वर्षं केला. त्यांच्या कार्यालयाचं पत्रकारांना ठरलेलं उत्तर ‘भाष्य नाही’ हेच होतं. जानेवारी 2019 मध्ये मात्र एका वृत्तसंकेतस्थळाने मोठी बातमी दिली, की ट्रम्प यांनीच आपल्या वकिलाला संसदेपुढे खोटं बोलायला सांगितलं. तेव्हा त्या मुखदुर्बळ कार्यालयाने तोंड उघडलं आणि हे वर्णन अचूक नाही असं जाहीर केलं. एरवी न बोलणारा खोडून काढायला पुढे येतो, तेव्हा त्या दोन ओळींना वजन असतं. रोज संध्याकाळी सूत्रांमार्फत बोलणाऱ्या यंत्रणेने असं काही जाहीर केलं असतं, तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. माझे बाबा काही महिन्यांपासून एका ग्रुपवर आहेत. तिथे सांगतात, की सगळ्या भ्रष्ट नेत्यांची आरोपपत्रं गुप्तपणे तयार आहेत, एका दिवशी एकदम अटका होणार, तोवर शांत राहा, योजनेवर विश्वास ठेवा. तारीख टळली की नवी तारीख येते. मी काही बोलले की म्हणतात, ‘तुला आतलं माहीत नाही.’ त्यांना कसं समजावू?

तुझे बाबा मूर्ख नाहीत, हे आधी लिहिते. भ्रष्टाचाराचा मनापासून राग असलेला माणूसच यात अडकतो. ज्याला फरक पडत नाही, तो कशाला ग्रुपवर जाईल?

अमेरिकेत हेच घडलं, आणि त्यातली एक तारीख तू बाबांना सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर 2017 च्या अखेरीला इंटरनेटवर ‘क्यू’ नावाने कुणीतरी निनावी संदेश टाकायला लागलं. अगदी सुरुवातीच्याच एका संदेशात होतं, की 30 ऑक्टोबरला सकाळी हिलरी क्लिंटन यांना अटक होणार. झाली नाही. मग ‘सीलबंद आरोपपत्रं’ मोजण्याचा उद्योग सुरू झाला. तिथल्या केंद्रीय न्यायालयांच्या नोंदींत जे जे मोहोरबंद दिसेल ते मोजायचं आणि आरोपपत्र म्हणून जाहीर करायचं. त्यात झडतीचे वॉरंट असतात, फोनवर पाळत ठेवण्याचे अर्ज असतात, अल्पवयीन मुलांची प्रकरणं असतात. आकडा फुगत गेला आणि लोक ‘योजनेवर विश्वास ठेवून’ बसले.

आता बघ. त्याच 30 ऑक्टोबर 2017 ला एक गुप्त प्रकरण खरोखरच उघडलं. ट्रम्प यांच्या प्रचारातले सल्लागार जॉर्ज पापाडोपुलस यांना जुलैत अटक झाली होती, 5 ऑक्टोबरला त्यांनी न्यायाधीशांपुढे गुन्हा कबूल केला होता, आणि कुणालाही पत्ता नव्हता. 30 तारखेला म्युलर यांच्या पथकाने ते कागद खुले केले. त्याच प्रचारातल्या मॅनफोर्ट आणि गेट्स यांच्यावरचं आरोपपत्रही त्याच दिवशी खुलं झालं. पापाडोपुलस यांच्या कागदांवर खटला क्रमांक होता, कबुलीची तारीख होती, आरोपीची सही होती. आणि तो दिवस उजाडण्यापूर्वी कुणीही कुठल्याही ग्रुपवर त्याचं भाकीत केलेलं नव्हतं.

बाबांशी वाद घालू नकोस. वादात ते ग्रुपची बाजू घेतील. त्यांना एवढंच म्हण, ‘बाबा, पुढची तारीख तुमच्या हाताने कॅलेंडरवर लिहा.’ कोण, कुठल्या आरोपाखाली, केव्हा, हे त्यांच्या अक्षरात. ती तारीख उलटली की हसू नकोस, आठवणही करून देऊ नकोस. ते कॅलेंडर रोज बघतातच ना? आणि ग्रुपवर कुणी पैसे मागतं का, याकडे मात्र लक्ष ठेव. तिथे गप्प राहायचं नाही.

प्रश्न : माझं मत स्पष्ट आहे. राजकारण्यांच्या चौकशीत गुप्तता नकोच. सगळ्या चौकश्या, सगळे जबाब, सगळे फोन जनतेपुढे टाका. लपवायचंय कशाला?

तुमचा आवेश आवडला, पण हे करून पाहिलेले देश आहेत. इटलीत फेब्रुवारी 1992 मध्ये मिलान शहरात मारिओ किएझा नावाचा राजकीय पदाधिकारी लाच घेताना सापडला आणि ‘स्वच्छ हात’ या नावाने ओळखला गेलेला तपास सुरू झाला. तिथे संशयिताला एक नोटीस जाते : तुमची चौकशी चालू आहे, वकील नेमा. ती त्याच्या संरक्षणासाठी असते. पण नोटीस निघाल्याची बातमी वर्तमानपत्रांत येऊ लागली, आणि लोकांच्या मनात नोटीस म्हणजेच शिक्षा झाली. 1993 मध्ये माजी पंतप्रधान क्राक्सी रोमच्या एका हॉटेलातून बाहेर पडताना जमावाने त्यांच्यावर नाणी फेकली. त्यांच्याविषयी मला काडीची सहानुभूती नाही. पुढे ते ट्युनिशियाला निघून गेले आणि त्यांना दोषीही ठरवलं गेलं. पण 1993 च्याच जुलैत याच प्रकरणांतल्या दोन बड्या उद्योगप्रमुखांनी आत्महत्या केल्या, त्यातल्या एकाने तुरुंगात. दोघांचाही खटला पुरा व्हायचा राहिला, आणि त्यांना जे ठाऊक होतं ते कोर्टात आलंच नाही.

ब्राझीलचं उदाहरण तुमच्या मुद्द्याला जास्त थेट लागू आहे. ‘लावा जाटो’ हा भ्रष्टाचाराचा तपास 2014 मध्ये सुरू झाला आणि देशातले धनदांडगे खरोखर तुरुंगात गेले. मार्च 2016 मध्ये न्यायाधीश सर्जिओ मोरो यांनी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ आणि त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या फोनवरच्या बोलण्याची टेप जनतेपुढे टाकली. तुम्ही म्हणता तेच त्यांनी केलं. लोक रस्त्यावर उतरले, मोरो नायक झाले. 2019 मध्ये तेच मोरो लुलांच्या विरोधकाच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री होऊन बसले, आणि सरकारी वकिलांशी त्यांची चाललेली खासगी खलबतं बाहेर आली. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लुलांच्या शिक्षा रद्द केल्या आणि मोरो पक्षपाती होते असा निर्वाळा दिला. लुलांनी काही केलं होतं की नव्हतं, हे आता त्या खटल्यांतून कधीच ठरणार नाही. एवढं उघड करून हाती हे लागलं.

जबाब झाकलेले राहू द्या. उघडं हवं ते वेगळंच : तपास कुणाकडे आहे, त्याला कोण काढू शकतं, मुदत किती, आणि बंद करायचा झाला तर कारण लेखी देणार की नाही.

प्रश्न : चालू तपासाची माहिती माहितीच्या अधिकारात मिळते का? सरळ नकार येतो.

कलम 8(1)(h) दाखवून नकार देतात. पण त्या कलमात ‘तपासाला अडथळा येईल’ अशी अट आहे. नुसता तपास चालू आहे हे कारण पुरत नाही, अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्येच म्हटलं आहे. सीबीआयला 2011 पासून या कायद्यातून वगळलं आहे, पण भ्रष्टाचाराच्या आरोपांविषयीची माहिती त्या सवलतीत बसत नाही. अपिलात हे दोन्ही मुद्दे लिहा. जबाबांच्या प्रती मागू नका, मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. तपास अधिकारी किती वेळा बदलले, हे मागून बघा.

प्रश्न : आम्ही वर्षानुवर्षं वाट पाहिली, पेपरांची कात्रणं जपली, आणि शेवटी सगळे निर्दोष सुटले. मग आम्ही ज्याला घोटाळा समजत होतो ते काय होतं? आमचा धीर वाया गेला का?

टू-जी प्रकरणाबद्दल लिहिता आहात, असं कात्रणांच्या वर्णनावरून वाटतं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 122 दूरसंचार परवाने रद्द केले आणि 21 डिसेंबर 2017 ला विशेष न्यायालयाने सगळ्या आरोपींना सोडलं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण दोन न्यायालयांपुढचे प्रश्न वेगळे होते. परवाने मनमानी पद्धतीने वाटले का, हा एक. अमुक माणसाने अमुक पैसे घेऊन ते वाटले हे कागदोपत्री सिद्ध होतं का, हा दुसरा, आणि तो कितीतरी अवघड. विशेष न्यायालयाचे न्यायाधीश सैनी यांनी निकालात लिहिलं, की सुमारे सात वर्षं, उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा, मी सकाळी दहा ते पाच कोर्टात बसून कायद्याने ग्राह्य असा पुरावा घेऊन कुणी येतं का याची वाट पाहिली, कुणी आलं नाही. म्हणजे तुम्ही एकटेच वाट पाहत नव्हता! सीबीआयने त्यावर अपील केलं आणि 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते दाखल करून घेतलं, तेव्हा शेवटचा शब्द अजून यायचा आहे.

त्याआधीचं जैन हवाला प्रकरण घ्या. 1991 मध्ये डायऱ्या सापडल्या, त्यांत बड्या नेत्यांची नावं आणि त्यांना दिलेल्या पैशांचे आकडे असल्याचं सांगितलं गेलं. खटले मात्र कोसळले. सुट्या कागदांना हिशेबाची वही म्हणता येत नाही आणि नुसत्या नोंदीवर कुणाला दोषी धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 1998 मध्ये मान्य केलं. पण त्याच प्रकरणातल्या जनहित याचिकेवर डिसेंबर 1997 मध्ये जो निकाल आला, त्यातून सीबीआयच्या संचालकाला किमान दोन वर्षांची मुदत मिळाली आणि केंद्रीय दक्षता आयोगाला कायद्याचा दर्जा द्यायला सांगितलं गेलं. आरोपी सुटले, तरी एवढं त्यातून निघालं.

कात्रणं फेकू नका. निकालपत्र मात्र मिळवून वाचा. न्यायालयांच्या संकेतस्थळांवर असतं. कोण सुटलं ते तुम्हाला माहीतच आहे, ते सोडून द्या. सरकारी पक्षाने कुठला साक्षीदार तपासलाच नाही, कुठल्या कागदावर कुणी सही करायला नकार दिला, कुणाची साक्ष जबाबाशी जुळली नाही, हे बघत जा. कात्रणांत जे ठासून छापलं होतं आणि कोर्टात कधी आलंच नाही, त्याची यादी करा आणि मला पाठवा. जागा मिळाली तर छापू.

पुढच्या अंकात माहितीच्या अधिकारातल्या अपिलांचे प्रश्न घेते आहे. अर्जांच्या प्रती पाठवताना स्वतःचा पत्ता आणि फोन खोडून पाठवा.